नव्या स्पोर्ट्स कारची टेस्ट ड्राइव्ह: दोन किलोमीटरच्या फेरीवर समाधान मानू नका

मी पहिल्यांदा स्पोर्ट्स कारची टेस्ट ड्राइव्ह घेतली तेव्हा शनिवार होता, संध्याकाळचे सहा वाजले होते आणि शोरूमसमोरचा रस्ता गाड्यांनी तुंबला होता. एक सिग्नल, एक यू-टर्न, पुन्हा तोच सिग्नल, आणि गाडी परत शोरूमच्या दारात. जेमतेम दोन किलोमीटर. सेल्सच्या मुलाने विचारलं, "मॅडम, कशी वाटली?" सीट जरा कडक आहे, याखेरीज मला सांगण्यासारखं काही कळलंच नव्हतं. घराखालोखालच्या मोठ्या खर्चाचा निर्णय त्या वीस मिनिटांवर घ्यावा अशी सगळ्यांची अपेक्षा होती.

त्यानंतर स्वतःसाठी, मावसभावासाठी आणि ऑफिसातल्या दोघांसाठी अशा बऱ्याच टेस्ट ड्राइव्ह मी ठरवल्या. अशी गाडी तीन ठिकाणी कळते हे त्यातून माझ्या पक्कं लक्षात आलं: तुमच्या सोसायटीच्या रॅम्पवर, तुमच्या रोजच्या रस्त्यावर आणि एखाद्या मोकळ्या, सरळ पट्ट्यावर. फोन कधी करायचा, वेळ कोणती मागायची, सोबत कोणाला न्यायचं, हे सगळं गाडी या तीन ठिकाणी नेता यावी म्हणून ठरवायचं.

उदाहरणासाठी मुख्यतः एमजी सायबरस्टर घेते, कारण ती सर्वार्थाने स्पोर्ट्स कार आहे: दोन सीट, उघडणारं कापडी छप्पर, कात्रीसारखे वर जाणारे दरवाजे आणि विजेवर चालणारी. जोडीला फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय आणि स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस. सायबरस्टर आणि जीटीआय २०२५ मध्ये भारतात आल्या, ऑक्टेव्हिया आरएस त्याच वर्षी नव्या रूपात परतली.

फोन कधी करायचा

साध्या गाडीच्या बाबतीत आधी किंमत जाहीर होते, मग डेमो गाडी येते, मग लोक बुकिंग करतात. मोजक्याच आणलेल्या गाड्यांच्या बाबतीत हा क्रम उलटा होतो. गोल्फ जीटीआयचं बुकिंग मे २०२५ च्या सुरुवातीला उघडलं आणि किंमत, ५३ लाख एक्स-शोरूम, २६ मेला जाहीर झाली. तोवर पहिल्या १५० गाड्या संपल्या होत्या. ऑक्टेव्हिया आरएसच्या तर १०० च गाड्या होत्या. ऑक्टोबरमध्ये ४९.९९ लाख ही किंमत जाहीर होईपर्यंत त्याही बुक झाल्या होत्या. म्हणजे अनेकांनी गाडी न चालवताच पैसे भरले.

सायबरस्टरची किंमत २५ जुलै २०२५ ला जाहीर झाली: ७४.९९ लाख, आणि आधी बुकिंग केलेल्यांना ७२.४९ लाख. गाडी चालवून पाहण्यासाठी थांबलेल्यांना अडीच लाख जास्त पडले. रक्कम लहान नाही. तरीही पंचाहत्तर लाखांची दोन सीटची गाडी न चालवता घेण्यापेक्षा ते अडीच लाख मी सोडून देईन. ज्यांना थांबणं शक्यच नाही त्यांनी आधी बुकिंग करावं, पण एका अटीवर: टेस्ट ड्राइव्हनंतर गाडी नको वाटली तर बुकिंगची पूर्ण रक्कम किती दिवसांत परत मिळेल, हे ईमेलवर लिहून घ्यावं. "मॅडम, होतं ना रिफंड, काळजी करू नका," हे फोनवरचं वाक्य पुढे कामी येत नाही.

म्हणून पहिला फोन लाँचची तारीख कानावर पडताच करा, नुसती चौकशी म्हणून. दुसरा फोन किंमत जाहीर झाल्यावर दोन-तीन दिवसांत. त्या आठवड्यात शोरूममध्ये बघ्यांची गर्दी असते, त्यामुळे टेस्ट ड्राइव्ह लगेच मागू नका. फक्त नाव यादीत घालायला सांगा आणि तारीख पुढच्या किंवा त्यापुढच्या आठवड्यातली घ्या.

काय विचारायचं

सर्वात आधी हे विचारा: "तुमच्याकडे आहे ती डिस्प्लेची गाडी आहे की डेमोची?" शोरूममध्ये उभी असलेली झळाळती गाडी बहुधा चालवायला मिळत नाही. ती पाहायची, आत बसायचं, फोटो काढायचा. डेमो गाडी वेगळी असते आणि अशा गाड्यांच्या बाबतीत ती एकच असून दोन-तीन शहरांत फिरत असते. कोल्हापूर, नाशिक, संभाजीनगर किंवा पणजीत राहणाऱ्यांनी तर हे विचारल्याशिवाय राहूच नये. गाडी आपल्या शहरात येणार असेल तर तारीख घ्या. येणार नसेल तर पुण्या-मुंबईला एक दिवस काढून जा, पण त्या दिवशी डेमो गाडी तिथे आहे याची आदल्या संध्याकाळी पुन्हा खात्री करा.

मी फोननंतर लगेच व्हॉट्सॲपवर लेखी मेसेज टाकते. साधारण असा:

"नमस्कार. आज सकाळी फोनवर बोलल्याप्रमाणे सायबरस्टरच्या टेस्ट ड्राइव्हसाठी येत्या मंगळवारी सकाळी साडेदहाची वेळ हवी आहे. गाडी येत्या तीन-चार महिन्यांत घेण्याचा विचार आहे. चालवणार मी स्वतः, लायसन्स चारचाकीचं आहे. साधारण ४५ मिनिटं लागतील. माझ्या सोसायटीच्या पार्किंगपर्यंत गाडी नेऊन रॅम्प तपासायचा आहे, अंतर शोरूमपासून सहा किलोमीटर. बॅटरी किमान ७० टक्के चार्ज असावी ही विनंती. कृपया कळवा."

या मेसेजमधलं प्रत्येक वाक्य अनुभवातून आलं आहे. गाडी कधी घेणार ते खरं सांगा. घेणार नसाल तर तेही स्पष्ट सांगा, आणि मग डेमो गाडीवर हक्क न सांगता डिस्प्लेच्या गाडीवर समाधान माना. सेल्सच्या मुलांना महिन्याचं टार्गेट असतं. नुसती हौस म्हणून त्यांचा तास घेतला की पुढच्या खऱ्या गिऱ्हाइकाला ते दोन किलोमीटरच देतात. "चालवणार मी स्वतः" हे मी मुद्दाम लिहिते, कारण एकदा बुकिंग माझ्या नावाने असूनही किल्ली सरळ माझ्या नवऱ्याच्या हातात दिली गेली होती. लिहून ठेवल्यापासून तसं पुन्हा झालं नाही.

आणि बॅटरी. एका ठिकाणी मी पोहोचले तेव्हा डेमो गाडीत १८ टक्के चार्ज होता, कारण सकाळपासून चार जण चालवून गेले होते. चार्ज खूप खाली गेला की बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्या पूर्ण ताकद देत नाहीत. तेव्हा आपण जी चालवतो ती खरी गाडी नसतेच. त्या दिवशी मी चालवायला नकार दिला आणि नवी वेळ घेतली. नंतर वाटलं, बरं झालं.

कागदपत्रं आणि नंबरप्लेट

लायसन्स मूळ असेल तर उत्तमच, पण डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधलंही कायद्याने चालतं. लर्निंग लायसन्सवर टेस्ट ड्राइव्ह मागू नका. काही शोरूममध्ये वयाची किंवा लायसन्स किती जुनं याची अट असते, ती फोनवरच विचारा. झेरॉक्स दिलीत तर तिच्यावर आडवं "फक्त टेस्ट ड्राइव्हसाठी" असं लिहून तारीख टाका.

गाडीची नंबरप्लेट पाहा. विक्रेत्याच्या नावावर नोंदलेली इलेक्ट्रिक डेमो गाडी असेल तर हिरवी पाटी आणि पांढरी अक्षरं दिसतील. लाल पाटीवर पांढरी अक्षरं असतील तर गाडी ट्रेड सर्टिफिकेटवर आहे, म्हणजे विक्रेत्याला मिळालेल्या परवान्यावर, अजून नोंदणी झालेली नाही. तशी गाडी गिऱ्हाइकाला चालवून दाखवायला नियमात मुभा आहे, आणि इथे आपल्या कामाची एक गोष्ट दडली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ४१व्या नियमात अशा गाडीच्या वापराची जी कारणं दिली आहेत, त्यात खरेदीदाराने वाजवी चाचणी घेणं आणि गाडी जिथे ठेवायची आहे त्या जागेपर्यंत नेऊन परत आणणं, दोन्ही येतात. सोसायटीच्या पार्किंगपर्यंत गाडी नेण्याची मागणी जगावेगळी नाही. नियम लिहिणाऱ्यांच्याही डोक्यात ती होती.

सही करण्याआधी फॉर्म वाचा. अपघात झाला तर विमा काय भरतो आणि तुमच्या खिशातून किती जाईल, हा एकच प्रश्न पुरे. वीस इंची चाक फुटपाथला घासलं तर ते कोण भरणार हेही विचारून घ्या. ओव्हरस्पीडचं चलन आलं तर ते चालवणाऱ्याने भरायचं, हे गृहीत धरा.

वेळ आणि रस्ता

शोरूम बहुतेक दहाच्या सुमारास उघडतात. मंगळवार ते गुरुवार, सकाळची साडेदहा-अकराची वेळ मला सर्वात सोयीची वाटते: ऑफिसची गर्दी ओसरलेली असते, गाडी आदल्या रात्री चार्ज झालेली असते आणि तुमच्या आधी कोणी ती दमवलेली नसते. शनिवार-रविवार संध्याकाळ कटाक्षाने टाळा.

रस्ता तुम्ही ठरवा. शोरूमचा ठरलेला मार्ग गुळगुळीत आणि डावी वळणं घेऊन पटकन परतणारा असतो, त्यात त्यांची चूक नाही. मी कागदावर छोटा नकाशा काढून नेते. त्यात या गोष्टी असायलाच हव्यात: रोजच्या वाटेवरचा सर्वात वाईट स्पीडब्रेकर, एखादा पेव्हर ब्लॉकचा किंवा खडबडीत तुकडा, सोसायटीचा रॅम्प आणि दोन-तीन किलोमीटरचा मोकळा पट्टा. बाणेर-बालेवाडीच्या लोकांना बायपास जवळ आहे. मात्र नवले पुलाकडचा उतार टेस्ट ड्राइव्हसाठी निवडू नका, तिथली वाहतूक आणि अपघातांचा इतिहास पाहता ती जागा नव्या गाडीशी ओळख करून घेण्याची नाही. दक्षिण मुंबईकरांना कोस्टल रोड आहे, सरळ भागात ताशी ८० ची मर्यादा आणि बोगद्यात ६०. नवी मुंबईकडच्यांना अटल सेतू: २१.८ किलोमीटर लांब, मर्यादा १००. पण मधून परत फिरता येत नाही आणि पेट्रोलच्या गाडीला टोल दोन्ही वेळा पडतो, म्हणून वेळ आणि टोल कोणाचा हे आधीच बोलून ठेवा.

दोनच सीट, तीन माणसं

या अडचणीचा विचार आधी कोणी करत नाही. दोन सीटच्या गाडीत शेजारी शोरूमचा माणूस बसतो. म्हणजे घरातलं माणूस तुमच्यासोबत येऊच शकत नाही. बायको, नवरा, आई-वडील शोरूममध्ये चहा पीत बसतात आणि घरी आल्यावर म्हणतात, "आम्हाला काय माहीत कशी आहे."

उपाय असा. दोन फेऱ्या मागा, हे मेसेजमध्येच लिहा. पहिल्या फेरीत तुम्ही चालवा. दुसरीत शोरूमचा माणूस चालवेल आणि तुमच्या घरचं माणूस शेजारी बसेल. शेजारच्या सीटवर पाय लांबवता येतात का, वारा तोंडावर किती येतो, खड्ड्यात कंबरेला काय जाणवतं, हे त्या माणसाने सांगायचं. शिवाय तुम्ही सोसायटीत पोहोचाल तेव्हा घरचे तिथेच उभे राहतील अशी व्यवस्था करा. माझे बाबा अडुसष्ट वर्षांचे आहेत आणि गाड्यांचं वेड मला त्यांच्याकडूनच आलं. मावसभावाच्या वेळी ते पार्किंगमध्ये येऊन थांबले, गाडीत बसले, दोन मिनिटं स्टीअरिंगवर हात ठेवून राहिले आणि मग उठताना त्यांना माझा खांदा धरावा लागला. इतक्या खाली बसून उठणं त्यांच्या गुडघ्यांना जमणार नाही, हे आम्हाला शोरूममध्ये कधीच कळलं नसतं.

गाडी सुरू करण्याआधी

दहा मिनिटं गाडी उभीच ठेवा. सीट आणि स्टीअरिंग तुमच्या उंचीला जमवा आणि मग समोर पाहा: स्टीअरिंगच्या कडेमागे स्क्रीनचा कोणता भाग झाकला जातो? सायबरस्टरमध्ये चालकापुढे तीन स्क्रीन आहेत आणि बाजूच्या दोन काही जणांना स्टीअरिंगमागे लपलेल्या वाटतात. हे उंचीवर अवलंबून आहे, म्हणून दुसऱ्याचं मत इथे चालत नाही.

छप्पर उघडा आणि बंद करा. साधारण दहा सेकंद लागतात आणि ५० किलोमीटरच्या वेगापर्यंत चालत्या गाडीतही ते होतं. बंद असताना मागचं किती दिसतं, रिक्षा किंवा दुचाकी कोणत्या कोपऱ्यात हरवते, ते आरशांत नीट पाहा. डिकीत आपली नेहमीची प्रवासाची बॅग खरंच ठेवून पाहा. मी माझी बॅग सोबत घेऊन जाते, कोणाला हसू येत असेल तर येऊ द्या.

रॅम्प आणि पार्किंग

माझ्या मते टेस्ट ड्राइव्हचा हा सर्वात महत्त्वाचा भाग आहे आणि बहुतेक लोक नेमका हाच गाळतात.

रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या मानकानुसार स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, हळुवार चढ-उताराचा हवा. आपल्या गल्लीतले ब्रेकर कसे असतात ते सांगायला नको. डांबराचा ढीग टाकून कोणीतरी रात्रीतून केलेला, अरुंद आणि उंच. खाली बसणाऱ्या आणि दोन चाकांमध्ये जास्त अंतर असलेल्या गाडीचं पोट तिथे घासतं. सायबरस्टरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत २.६९ मीटर अंतर आहे. ब्रेकर तिरका, एकेक चाक घालत पार करा आणि खिडक्या उघड्या ठेवून कान द्या. सोसायटीचा रॅम्प उतरताना नाक आणि वर सपाटीला येताना मधला भाग, या दोन जागा. घरच्या माणसाला बाहेर उभं राहून खाली पाहायला सांगा. वॉचमन काका हे काम आनंदाने करतात.

मग पार्किंग. गाडी आरशांशिवाय १.९१ मीटरच्या आसपास रुंद आहे. वर उघडणारे दरवाजे अरुंद जागेत फार उपयोगी पडतात, शेजारच्या गाडीला लागण्याची भीती कमी होते. पण वर काय आहे ते पाहा: पाण्याचा पाइप, फायरचा स्प्रिंकलर, खाली आलेला बीम. दरवाजा पूर्ण वर जातो का, हे तुमच्याच जागेवर तपासा. मुंबई-ठाण्यात पझल पार्किंग (गाड्या पॅलेटवर ठेवून यंत्राने सरकवणारं) असेल तर त्या पॅलेटवरची वजनाची आणि रुंदीची पाटी वाचा. गाडीचं वजन दोन टनांच्या जवळ जातं. मावसभावाच्या इमारतीत हीच अडचण निघाली आणि त्याला दुसऱ्या सभासदाशी पार्किंगची जागा बदलून घ्यावी लागली. बुकिंगच्या आधी कळलं, म्हणून शांतपणे निभावलं.

रस्त्यावर

पहिली दहा मिनिटं हळू, अगदी कम्फर्ट मोडवर. रहदारीत गाडी कशी सरकते, ब्रेकवर पाय ठेवल्यावर ती पहिल्या इंचात पकडते की मधेच, पाय उचलल्यावर रिजनने (मोटारच गाडीचा वेग कमी करून बॅटरी चार्ज करते, त्याने) किती आवळते, हे पाहा. रिजनची पातळी स्टीअरिंगमागच्या पॅडलने बदलून पाहा. इंजिनाच्या गाडीतून येणाऱ्यांना जुळवून घ्यायला सगळ्यात जास्त वेळ इथेच लागतो.

जीटीआयसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या २६५ पीएस ताकदीच्या गाडीत वेगळी गोष्ट तपासायची: वळणातून बाहेर पडताना जोर दिला की स्टीअरिंग हातातून एका बाजूला ओढतं का. सायबरस्टरमध्ये पुढे-मागे दोन मोटारी मिळून ५१० पीएस ताकद आणि ७२५ न्यूटन मीटर टॉर्क देतात. तिथे चाकांची पकड चटकन सुटत नाही, आणि म्हणूनच आपण किती वेगात आहोत ते लवकर लक्षात येत नाही.

कंपनी शून्य ते शंभर ३.२ सेकंदांत सांगते. हा आकडा रस्त्यावर पडताळून पाहायचा नसतो. शंभरच्या वेगाला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते. समोरचा स्कूटरवाला वळायचं ठरवेपर्यंत तुम्ही त्याच्यापर्यंत पोहोचलेले असता. मोकळ्या पट्ट्यावर तीसवरून साठ-सत्तरपर्यंत एकदा जोर देऊन पाहा, पुढे-मागे कोणी नसताना, शेजारी बसलेल्याला आधी सांगून. गाडीची ताकद त्यात पुरेशी कळते. मग मागे कोणी नाही ना हे पाहून एकदा दमदार ब्रेक लावा. अधिक हवं असेल तर कंपनी धावपट्टीवर किंवा ट्रॅकवर काही कार्यक्रम घेणार आहे का ते विचारा आणि त्या यादीत नाव द्या.

सायबरस्टर जुलैत आली, म्हणजे ऐन पावसात. पाऊस असेल तर टेस्ट ड्राइव्ह पुढे ढकलू नका. कापडी छपरावर सरी कोसळताना आत किती आवाज येतो, काचेच्या कडेने थेंब झिरपतो का, दरवाजा वर गेल्यावर पाणी सीटवर ओघळतं का, हे फक्त पावसातच कळतं. त्या दिवशी जोर मात्र देऊ नका. छप्पर उघडून आणि मोकळेपणाने चालवायला उघडीप पडल्यावर दुसरी वेळ मागा. मी दोन वेळा चालवल्याशिवाय कोणालाच होकार द्यायला सांगत नाही.

परत आल्यावर

शोरूममध्ये बसून लगेच आकड्यांवर बोलू नका. बाहेर येऊन पाच मिनिटं फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा: कंबर, मान, ब्रेक, आवाज, रॅम्प, घरच्यांचं मत. संध्याकाळपर्यंत उत्साहात बरंच विसरायला होतं. आठवड्याभरात दुसरी गाडी चालवणार असाल तर तोच रस्ता, तीच वेळ ठेवा, नाहीतर तुलना होत नाही.

मग एक शेवटचा मेसेज पाठवा आणि त्याची उत्तरं लेखी मागा. एका टायरची किंमत किती आणि तो पुण्यात मिळतो की मागवावा लागतो? पुढची काच फुटली तर किती दिवस? दरवाजाची मोटार किंवा कापडी छप्पर बिघडलं तर काम कोणत्या शहरात होतं? सर्व्हिसला गाडी न्यायला-आणायला कोण येणार आणि ती चालवत नेणार की फ्लॅटबेडवर? या चार उत्तरांना एका शोरूमने तीन आठवडे लावले आणि दुसऱ्याने एक दिवस. मावसभावाने गाडी दुसऱ्याकडून घेतली.